वृत्तछायाचित्रण, फिल्मयुगातील : मुंबई व घाटकोपर परिसर

वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याच्या हेतूने एखाद्या घटनेची, ती घडत असताना अथवा घडल्यानंतर लगेच घेतलेली छायाचित्रे, तसेच ती घेण्याचे, त्यांवर रासायनिक संस्कार करण्याचे व ती मुद्रणयोग्य करण्याचे तंत्र, यांस वृत्तछायाचित्रण असे म्हणतात. मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत हे काम प्रकाशसंवेदी फिल्मवर होण्याचा काळ स्थूलमानाने १९३० नंतर सुरू झाला आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत संपला. या काळातील चित्रांचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर ती त्या त्या दिवसाचे वृत्त होती. दुसरे म्हणजे ज्या फिल्मवर ती उमटली ती फिल्म हा घटनेचा भौतिक पुरावा होता. वृत्त दुसऱ्या दिवशी शिळे झाले, तरी पुराव्याचे मोल काळाबरोबर वाढत गेले. मुंबईच्या ईशान्य भागातील घाटकोपर हे उपनगर फोर्ट भागातील वृत्तपत्र-कार्यालयांपासून दूर असून कारखाने, दगडखाणी, डोंगरउतारावरील झोपडवस्त्या आणि दलित व श्रमिक वसाहती यांनी वेढलेले होते. या व्यवसायाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या दोहोंचा प्रत्यय तेथील घटनांवरून येतो.

पूर्वेतिहास : छायाचित्रणकला मुंबईत फार लवकर रुजली. १८५४ मध्ये स्थापन झालेली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही या प्रकारची भारतातील पहिली संस्था होय. त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या पहिल्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार होत. तथापि या काळातील छायाचित्र वृत्तपत्रात जसेच्या तसे छापता येत नसे. त्यावरून कारागीर लाकडावर अथवा धातूवर कोरीव चित्र तयार करीत व ते मुद्रित होई. छायाचित्रातील करड्या रंगाच्या कमी-अधिक छटा लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतरित करणारी हाफटोन पद्धती प्रचारात आल्यावर ही अडचण दूर झाली. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी अशा पद्धतीने छापलेले चित्र हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या साप्ताहिक आवृत्तीस प्रारंभ झाला. पुढे ‘द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या नावाने ती प्रसिद्ध झाली व १९९३ मध्ये बंद पडेपर्यंत भारतीय छायाचित्रकारांचे एक प्रमुख व्यासपीठ राहिली.

मराठी दैनिकांत छायाचित्राला स्थान मिळण्यास अधिक काळ लागला. ठसे करण्याचा खर्च, हलक्या प्रतीचा कागद आणि अग्रलेखप्रधान वृत्तपत्राची परंपरा ही त्याची कारणे होत. स्वातंत्र्योत्तर काळात ‘लोकसत्ता’ (१९४८), ‘मराठा’ (१९५६) व ‘महाराष्ट्र टाइम्स’ (१९६२) या दैनिकांच्या उदयानंतर मुंबईतील मराठी वाचकाला पहिल्या पानावरील छायाचित्राची सवय झाली. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील सभा, मोर्चे व २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटन येथील गोळीबार या घटनांनी चित्राला वृत्ताइतकेच वजन असते हे दाखवून दिले.

या क्षेत्रातील आद्य भारतीय स्त्री म्हणून होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचा उल्लेख केला जातो. नवसारी येथे जन्मलेल्या होमाई यांचे शिक्षण मुंबईत झाले. सर ज. जी. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून छायाचित्रण आत्मसात केले. त्यांची आरंभीची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये प्रसिद्ध झाली, प्रत्येक चित्रास एक रुपया मोबदला मिळाला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये मात्र त्यांची अनेक चित्रे प्रारंभी पतीच्या नावाने छापली गेली. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या व १९७० पर्यंत त्यांनी तेथे काम केले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. दुसरे नाव किशोर पारेख (१९३०–८२) यांचे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी कोणत्याही वृत्तपत्राची नेमणूक नसताना ते स्वतःच्या जबाबदारीवर रणभूमीवर गेले आणि तेथील चित्रांचे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले.

कॅमेरे व फिल्म : आरंभीच्या काळात ‘स्पीड ग्राफिक’ हा अमेरिकन बनावटीचा मोठा कॅमेरा वृत्तपत्रांत प्रचलित होता. त्यातील सुट्या फिल्मच्या चौकटीत दोन्ही बाजूंस मिळून दोनच चित्रे घेता येत. त्यामुळे दहा चित्रांसाठी पाच चौकटी बाळगाव्या लागत. प्रकाशासाठी वापरावयाचा झगमगाटी दिवा एका चित्रात जळून जाई व पुढील चित्रापूर्वी तो बदलावा लागे. तप्त दिवा काढताना बोटे पोळत. त्यानंतर ‘रोलायफ्लेक्स’ हा दोन भिंगांचा कॅमेरा रूढ झाला. त्यात एका रोलवर ६ सेंमी. बाजूची १२ चौरस चित्रे निघत. छातीशी धरून वरून पाहावयाच्या या कॅमेऱ्यामुळे गर्दीत समोरच्याच्या नजरेस नजर न भिडवता चित्र घेता येई. परंतु डावी-उजवी बाजू उलट दिसत असल्याने हलणाऱ्या मोर्चाचा माग काढणे नवशिक्यास अवघड जाई.

‘लायका’ हा ३५ मिमी. फिल्मचा छोटा कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ हा एकभिंगी कॅमेरा आला. या दोहोंमुळे ३६ चित्रांचा रोल, बदलती भिंगे व जलद हालचाल शक्य झाली. भारतात मात्र ही साधने सहजी मिळत नसत. परदेशी चलनाच्या टंचाईमुळे कॅमेरे व फिल्म यांच्या आयातीवर कडक बंधने होती. १९६० मध्ये स्थापन झालेल्या व उदकमंडलम येथे कारखाना असलेल्या ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या सरकारी कंपनीने ‘इंदू’ या नावाने फिल्म व कागद पुरविण्यास प्रारंभ केला. तरीही काटकसर हा या पिढीचा स्थायीभाव राहिला. १०० फूट लांबीची फिल्म डब्यातून घेऊन अंधारात तिचे तुकडे करावयाचे व जुन्या नळ्यांत भरावयाचे, अशी पद्धत होती. एका डब्यात ३६ चित्रांचे सु. १८ रोल होत. किरकोळ कार्यक्रमासाठी दोन-तीन चित्रेच घ्यावयाची व उरलेली फिल्म दुसऱ्या घटनेसाठी राखावयाची, हा अलिखित दंडक होता. त्यामुळे एकाच रोलवर मंत्र्यांचे उद्घाटन, क्रिकेटचा सामना आणि एखाद्या चाळीतील आग शेजारीशेजारी आढळते.

अंधारखोली : चित्र घेतल्यानंतरचे अर्धे काम अंधारखोलीत, व्यवहारातील शब्द वापरावयाचा तर ‘डार्करूम’मध्ये, होई. संपूर्ण अंधारात फिल्म चक्रीवर गुंडाळून बंद पात्रात ठेवीत. त्यानंतर डेव्हलपर, पाणी व ‘हायपो’ अशा क्रमाने द्रावणे बदलीत. डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवणे आवश्यक असे आणि विकासनाचा काळ सर्वसाधारणपणे ६ ते १० मिनिटे असे. मुंबईच्या हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, नळाचे पाणीच ३० अंशांच्या आसपास जाई. अशा वेळी द्रावणाचे पात्र बर्फात ठेवावे लागे. अन्यथा चित्रातील कण जाड होत व फिल्मवरील जिलेटिनचा थर सुटण्याचा धोका असे. रात्रीच्या घटनांसाठी ४०० वेगाची फिल्म १६०० वेगाची मानून वापरीत व विकासनाचा काळ वाढवीत. त्यामुळे चित्र मिळे, परंतु छटा हरवून काळे-पांढरे तेवढे ठळक उरे. त्या काळातील दंगली, आगी व अपघात यांच्या चित्रांचे खरबरीत रूप हा शैलीचा भाग नसून या सक्तीचा परिणाम होता.

सवड असल्यास पूर्ण रोलची ‘कॉन्टॅक्ट’ प्रत काढून त्यांतून चित्र निवडीत. घाई असल्यास ओली फिल्मच विस्तारकात घालून मोठी प्रत काढीत. चित्राच्या पाठीवर दिनांक, स्थळ, घटना व कोण कोठे उभा आहे यांची नोंद पेन्सिलीने करीत. पुढे या पाठीवरील ओळीच अनेक चित्रांचा एकमेव परिचय ठरल्या. ओळ चुकली, की चित्र खरे असूनही इतिहास खोटा होई. ओळ पुसली, की माणसे निनावी होत.

ठसा व मुद्रण : निवडलेली प्रत ठसे करणाऱ्या विभागाकडे जाई. बारीक जाळीतून पुन्हा छायाचित्रण करून ती प्रतिमा जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत व नायट्रिक अम्लाने तो पत्रा खोदीत. हा ‘ब्लॉक’ लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या मजकुरासोबत पानात बांधला जाई. वृत्तपत्राच्या खरखरीत कागदावर इंचास ६५ ओळींच्या जवळपासची जाळीच टिके. तीपेक्षा बारीक जाळीतील ठिपके शाईने भरून जात. त्यामुळे गर्दीतील चेहऱ्यांपेक्षा ठळक आकृती असलेले चित्र संपादक पसंत करीत. १९७० नंतर, विशेषतः १९८० च्या दशकात, ऑफसेट मुद्रण पसरल्यावर जस्ताचे ठसे मागे पडले, चित्रे मोठी व स्वच्छ होऊ लागली. १९९० च्या दशकात रंगीत चित्रांचे प्रमाण वाढले.

अंतर व वेळ : मुंबईतील मोठ्या वृत्तपत्रांची कार्यालये बोरीबंदर, फोर्ट, नरिमन पॉइंट, गिरगाव अशा दक्षिण भागात एकवटलेली होती. घाटकोपर तेथून मध्य रेल्वेने सु. २० किमी. अंतरावर आहे. पाने लावण्याची वेळ ठरलेली असल्याने घटना कोठे घडली यापेक्षा तेथील रोल किती वाजता कार्यालयात पोहोचतो, याला महत्त्व होते. सायंकाळी उपनगरात घडलेल्या घटनेचे चित्र घेऊन लोकलगाडीने परतणे, फिल्म धुणे, प्रत काढणे व ठसा बनविणे यांत काही तास जात. परिणामी दक्षिण मुंबईतील समारंभास पहिल्या पानावर जागा मिळे आणि भांडुप, विक्रोळी किंवा घाटकोपर येथील मोठी घटना एका परिच्छेदाच्या बातमीवर भागविली जाई. उपनगरांच्या जीवनाचा दृश्य इतिहास तुटक आढळतो, याचे एक कारण संपादकीय दृष्टीत, तर दुसरे रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावे लागते. पुढे उपनगरांत राहणारे हौशी अथवा स्वतंत्र छायाचित्रकार आणि गल्लीतील स्टुडिओचालक ही उणीव काही अंशी भरून काढू लागले. लग्न-मुंजीची चित्रे घेणारा स्टुडिओवाला वस्तीतील दुर्घटनेच्या वेळी सर्वांत आधी पोहोचणारा छायाचित्रकार असे.

कामगार चळवळ : घाटकोपर हे कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत (१९३२–९७) यांचे कार्यक्षेत्र होते. पंतनगर भागात वैद्यकीय व्यवसाय करीत असताना परिसरातील दगडखाण कामगारांच्या दैन्याशी त्यांचा संबंध आला व त्यातून ते चळवळीत ओढले गेले. लालबहादूर शास्त्री मार्गालगत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या कारखान्यांतील संप, टाळेबंदी व दारावरील सभा हे १९७० च्या दशकातील वृत्तछायाचित्रकारांचे नित्याचे विषय बनले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. या संपाची जी चित्रे लोकांच्या स्मरणात राहिली ती मोर्चांची व विराट सभांची. संप लांबल्यावर रिकाम्या झालेल्या खोल्या, गावाकडे परतणारी कुटुंबे व फेरीचा धंदा करू लागलेले साचेवाले यांची चित्रे तुलनेने थोडी आहेत. फिल्मचा प्रत्येक तुकडा मोजून वापरणाऱ्या व्यवसायात प्रसंगाला फिल्म मिळे, प्रक्रियेला क्वचितच. डॉ. सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे हत्या झाली.

रमाबाई आंबेडकर नगर, १९९७ : घाटकोपर पूर्वेस द्रुतगती महामार्गालगत असलेल्या या वसाहतीत ११ जुलै १९९७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची चपलांचा हार घालून विटंबना झाल्याचे आढळून आले. निषेधासाठी रहिवासी महामार्गावर जमले असता राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्यू पावले व अनेक जखमी झाले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव ज्वलनशील वायूचा टँकर पेटवून देत होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पोलिसांच्या बाजूने मांडण्यात आले. त्यामुळे टँकर नेमका कोठे उभा होता, आग आधी की गोळीबार आधी, हे प्रश्न निर्णायक ठरले आणि त्या सकाळच्या दृश्य नोंदींना असाधारण महत्त्व आले. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने हे समर्थन मान्य केले नाही व गोळीबार अनावश्यक ठरविला. संबंधित पोलीस उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे उच्च न्यायालयाने ती स्थगित केली. चित्रपटकार आनंद पटवर्धन यांनी या घटनेपासून प्रारंभ करून चौदा वर्षे चित्रीकरण केले. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट सिद्ध झाला.

वृत्तछायाचित्राचे पुरावा म्हणून स्थान काय, हा प्रश्न या घटनेमुळे स्पष्टपणे पुढे येतो. अल्पावधीत घडलेल्या गोळीबारात छायाचित्रकार बहुधा परिणामांचाच साक्षीदार असतो. तो पोहोचतो तेव्हा रक्त, पादत्राणे, रडणारे नातलग व पोलिसांचा पहारा एवढेच उरलेले असते. एकटे चित्र काय दिसत होते ते सांगते, कधी ते सांगत नाही. फिल्मची व्यस्त प्रत, म्हणजे ‘निगेटिव्ह’, मात्र याबाबत काहीशी सोय करते. फिल्मच्या कडेवर चौकटींचे क्रमांक आधीच छापलेले असतात. त्यामुळे आठव्या चौकटीतील दृश्य नवव्या चौकटीतील दृश्याच्या आधीचे आहे, हे सलग पट्टीवरून सिद्ध होते. घड्याळाची वेळ त्यावर नसली, तरी घटनांचा क्रम असतो. म्हणूनच न्यायालये व चौकशी आयोग छापील चित्रापेक्षा मूळ निगेटिव्ह व ती घेणाऱ्या व्यक्तीची साक्ष यांना अधिक महत्त्व देत. छापलेले एक चित्र कापता येते, त्याखालची ओळ बदलता येते. सलग पट्टी बदलणे दुष्कर असते. याउलट, निवडलेले चित्र ठेवून उरलेली पट्टी टाकून दिली, की हा क्रमही नाहीसा होतो.

घाटकोपर पश्चिमेकडील आझादनगर येथे १२ जुलै २००० रोजी मुसळधार पावसात दरड कोसळून डोंगरउतारावरील झोपड्या गाडल्या गेल्या व साठांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ही दुर्घटना फिल्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यात घडली. पावसात भिंगावर साचणारी वाफ, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा व चिखलात रोल बदलण्याची कसरत यांमुळे पावसाळी दुर्घटनांचे चित्रण हे या व्यवसायातील सर्वांत कष्टाचे काम समजले जाई.

श्रेय, दर्जा व हक्क : वृत्तपत्राच्या कार्यालयात छायाचित्रकाराचे स्थान दीर्घकाळ दुय्यम होते. वार्ताहराबरोबर ‘चित्र काढणारा’ म्हणून तो जाई आणि चित्राखाली त्याचे नाव येईलच असे नसे. १९५५ च्या श्रमिक पत्रकारविषयक अधिनियमाने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत वृत्तछायाचित्रकाराचा स्पष्ट समावेश केला, त्यामुळे वेतन व सेवाशर्तींच्या बाबतीत त्याला उपसंपादक-वार्ताहरांच्या पंक्तीत स्थान मिळाले. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाप्रमाणे नोकरीत घेतलेल्या चित्राचा वृत्तपत्रीय प्रसिद्धीपुरता हक्क, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे जातो. इतर बाबतींत तो चित्रकर्त्याकडेच राहतो. व्यवहारात मात्र निगेटिव्ह कार्यालयाच्या कपाटात राहिल्याने हा हक्क अनेकांना बजावता आला नाही. १९८८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात पिरामल छायाचित्र दालन सुरू झाले, तेव्हा वृत्तछायाचित्राला प्रदर्शनाची भिंत मिळाली. त्याचे काम पुढे दीर्घकाळ पाहणारे मुकेश पारपियानी हे स्वतः वृत्तछायाचित्रकार होते. याच परंपरेतील सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या जीवनावर दीर्घ चित्रमालिका केली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

जतन : फिल्मचा पाया आरंभी नायट्रेटचा व नंतर ॲसिटेटचा असे. ॲसिटेट दमट व उष्ण हवेत विघटित होऊन आंबूस वास येऊ लागतो आणि पट्टी आक्रसते. मुंबईच्या पावसाळ्यात जिलेटिनच्या थरावर बुरशी चढते. हायपो पुरेसा धुतला न गेल्यास चित्र पिवळे पडते, आणि वृत्तपत्राच्या घाईत धुण्याची मिनिटेच कापली जात. कार्यालये स्थलांतरित होणे, दैनिके बंद पडणे, जागेची टंचाई आणि पुढे ‘आता हे कोणाला हवे’ ही भावना यांमुळे कित्येक संग्रह रद्दीत गेले. होमाई व्यारावाला यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे गेल्यामुळे सुरक्षित राहिला. उपनगरांतील स्टुडिओचालकांच्या घरी पत्र्याच्या डब्यांत असलेल्या निगेटिव्हना असे आश्रयस्थान सहसा मिळालेले नाही.

संक्रमण : १९९९ मध्ये ‘निकॉन डी १’ हा वृत्तपत्रांना परवडणारा अंकीय कॅमेरा बाजारात आल्यावर काही वर्षांतच मुंबईच्या दैनिकांतील डार्करूम बंद झाल्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सेबॅस्टियन डिसोझा यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर घेतलेली हल्लेखोराची चित्रे अंकीय कॅमेऱ्यातील होती. ती ओळख पटविण्याच्या कामी न्यायालयात उपयोगी पडली. अंकीय चित्रासोबत वेळेची नोंद आपोआप होते, घाटकोपरहून ते क्षणात कार्यालयात पोहोचते आणि फिल्मच्या टंचाईचा प्रश्न उरत नाही. दूरच्या उपनगराला फिल्मयुगात न मिळालेली दृश्यता या तंत्राने दिली. मात्र नको असलेले चित्र जागच्या जागी पुसण्याची सोयही त्यानेच दिली. फिल्मच्या पट्टीवर संपादकाने नाकारलेली पस्तीस चित्रे छापलेल्या एका चित्रासोबत आपोआप शिल्लक राहत. त्यांतूनच आज त्या काळातील रस्ते, पाट्या, वेश व निनावी माणसे यांचा शोध घेता येतो. या पट्ट्या, त्यांच्या नोंदी आणि हयात छायाचित्रकारांच्या आठवणी एकत्र करणे हे निकडीचे काम आहे. कारण ओळख सांगणारा माणूस गेला, की जतन केलेली पट्टीही मुकी होते.